आडव्या झाडापलीकडचा अंधार

इंजिन बंद झालं आणि अरण्य ऐकू येऊ लागलं. पहाटेचं धुकं नदीवर अंथरलेलं, पाण्याचा रंग टपरीवर उकळून उकळून थकलेल्या चहासारखा, आणि दोन्ही तीरांवरून किड्यांचा, बेडकांचा, अदृश्य पाखरांचा असा अखंड निनाद उसळलेला, की माझ्या हातातल्या कपात तरंग उठत होते. कुजणारी पानं, ओली माती आणि कुठलंसं अतिपक्व फळ यांचा दाट, उष्ण, मधाळ गंध नाकात शिरत नव्हता. तो नाकावर येऊन बसला होता आणि उठायचं नाव घेत नव्हता. एक डासही आला. त्याच्या पंखांच्या वाऱ्यानं समोरचं धुकं बाजूला सरकलं. हे मी वाढवून सांगत नाही. वाढवून सांगायचं असतं तर दोन डास सांगितले असते.

बोर्निओ बेटावरच्या किनाबातांगान नदीतून आमचं चिमुकलं जहाज चाललं होतं. चिमुकलं म्हणजे इतकं, की या टोकाला शिंकलं तर त्या टोकाचा प्रवासी रुमाल काढी. दिवसा ते नदीच्या वळणावळणानं आत आत शिरे, आणि जिथे त्याचंही पोट अडकेल तिथून रबरी होडीत बसवून आम्हाला काठावरच्या पाऊलवाटांपर्यंत नेत. अशा ठिकाणी जबलपूरचा, संरक्षण खात्याच्या कारखान्यात आयुष्य घासून निवृत्त झालेला माणूस काय करत होता, असं तुम्ही विचाराल. मित्रहो, तो आपल्या बायकोच्या मागे मागे चालला होता. माणसाचे बहुतेक मोठे प्रवास असेच घडत असावेत.

जबलपूरच्या माणसाला वाढवून बोलण्याचा दोष लावणं म्हणजे नर्मदेला ओली म्हणून नावं ठेवणं आहे. ज्या गावी भेडाघाटचा नावाडी संगमरवरी कड्यांमधून होडी हाकताना यमकं जुळवत प्रत्येक खडकात हत्ती, घोडा, मोटारगाडी दाखवतो आणि उतारूंना ती दिसतेही, त्या गावी सरळ बोलायला शिकायचं कुणाकडून? मी शिकलो नाही. सुनंदा मात्र त्याच गावात राहून, आणि त्याहून कठीण म्हणजे माझ्याबरोबर राहून, सत्यवादी राहिली. कांचघर भागातल्या एका शाळेत तिनं केस पांढरे होईपर्यंत भूगोल शिकवला. विषुववृत्तीय वर्षावनांचा धडा आला की ती फळ्यावर झाडांचे मजले काढी आणि सांगे, की या अरण्यात सूर्यप्रकाश जमिनीपर्यंत पोहोचत नाही. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि तिनं विचारलं, "मॅडमजी, वहाँ दिन में भी अंधेरा रहता है? आपने देखा है?"

सुनंदानं सांगितलं, "नहीं बेटा. देखा नहीं है."

दुसरी कुणी असती तर धडा पुढे नेला असता. मी असतो तर देखा है म्हणालो असतो, आणि वर तिथल्या अंधारात मला चटका लावून गेलेल्या काजव्याची गोष्ट सांगितली असती. सुनंदाला मात्र तो प्रश्न पायातल्या काट्यासारखा सलत राहिला. पाहिलेलं नाही ते आपण वर्षानुवर्षं मुलांच्या वह्यांत उतरवत आलो, याची एक सूक्ष्म, निःशब्द बोचणी. ती निवृत्त झाली, शाळेचा निरोप घेतला, साडीचोळी घेतली, आणि प्रश्न तेवढा तिथे ठेवून यायचा विसरली.

मग गुडघे गेले. दोन्ही. शस्त्रक्रिया झाली, नवे बसले, आणि घरादारानं तिला काचेच्या बरणीसारखं फळीवर ठेवायचं ठरवलं. सिंगापूरला असलेल्या आमच्या मुलीनं, मुग्धानं, ही जहाजाची सफर भेट दिली तीही त्याच बेतानं. फोनच्या पडद्यावर बोट उगारून ती म्हणाली, "आई, तू फक्त डेकवर बसायचंस. माकडं बोटीवरूनच दिसतात. जंगलात पाय ठेवायचा नाही. चलो, प्रॉमिस कर."

"बघू," सुनंदा म्हणाली.

आमच्या घरात तिचं 'बघू' म्हणजे काय हे मुग्धा सिंगापूरच्या हवेत विसरली असावी. मी विसरलेलो नाही. ठरलं आहे, आता इतरांनी फक्त तयार व्हायचं, असा त्याचा अर्थ.

दुसऱ्याच दिवसापासून विजय नगरमधल्या आमच्या इमारतीचा जिना तिनं इतक्यांदा चढला-उतरला, की त्या पायऱ्या झिजून उतरण झाली आणि पोरं तिच्यावरून घसरगुंडी खेळू लागली. मग ग्वारीघाट. सकाळच्या कोवळ्या उन्हात नर्मदेच्या पायऱ्या ती खाली जाई, पाण्याला हात लावी, वर येई. पुन्हा खाली जाई. गुडघ्यांना वाकायची बंदी होती, जमिनीवर टेकायची तर साफच मनाई, चालायची नव्हती. दर रविवारी आम्ही भेडाघाटला जाऊन होडीत चढायचा सराव करत असू. तिथला म्हातारा नावाडी पहिल्या दिवशी तिची लटपट बघून म्हणाला, "अम्मा, पाँव पहले काहे देती हो? नाव पाँव से नहीं डरती, वजन से डरती है. पहले पीठ करो, बैठो. फिर दोनों पाँव एक साथ अंदर."

"भैया, साडी में?" सुनंदानं विचारलं.

"हमारी अम्मा तो नौ गज में चढ़ती थी," तो म्हणाला. त्याची आई नऊवारी नेसत असण्याची शक्यता मला कमी वाटली. पण जबलपुरी माणसानं जबलपुरी माणसाच्या आकड्यात हात घालायचा नसतो. सुनंदा पाठ करून काठावर बसली, दोन्ही पाय उचलून आत घेतले, आणि होडी हललीसुद्धा नाही.

निश्चय हा शब्द आपण फार मोठ्या आवाजात उच्चारतो. त्याला वज्राची, मेरूची, पाषाणाची उपमा देतो. मी जो निश्चय जवळून पाहिला तो पाषाणासारखा मुळीच नव्हता. तो पाण्यासारखा होता. आवाज न करता रोज थोडा थोडा सरकणारा, आणि वाटेत कुणी आडवं आलं तर भांडण न करता दुसरी फट शोधणारा. संगमरवर कुणी कापला, सांगा बरं? पाण्यानंच ना?

तर आम्ही बोर्निओला पोहोचलो. आमचा वाटाड्या मार्टिन हा त्याच नदीकाठचा, रुंद खांद्यांचा, हसताना डोळे नाहीसे होणारा गडी. त्यानं आम्हाला लांब नाकाची माकडं दाखवली. काय ती नाकं, काय ती सुखासीन पोटं. आमच्या सराफ्यात गादीवर लोडाला टेकून बसलेले शेठ कुणी झाडावर नेऊन ठेवावेत, तशी ती फांद्याफांद्यांवर विराजमान होती. मोठे धनेश पक्षी डोक्यावरून गेले तेव्हा त्यांच्या पंखांचा घोंघाट असा झाला, की मालगाडी पुलावरून जातेय समजून मी सवयीनं बोलायचा थांबलो. एका सकाळी उंच फांदीवर एक ओरांगउटान आपल्या लेकराला छातीशी धरून बसली होती. पाऊस भुरभुरत होता आणि तिनं एक रुंद पान तोडून डोक्यावर धरलं. त्या क्षणी मात्र मला काही वाढवावंसं वाटलं नाही.

मार्टिनशी माझं पहिल्याच दिवशी जमलं, कारण तोही आमच्याच जातकुळीचा निघाला. तो म्हणाला, या नदीतली एक मगर इतकी लांब आहे, की वळणाच्या अलीकडे तिची शेपटी दिसते तेव्हा तोंड पलीकडे जेवत असतं. मी म्हणालो, आमच्या नर्मदेचे कडे एके ठिकाणी एवढे जवळ होते, की माकडं या तीरावरून त्या तीरावर उडी मारत. त्या जागेचं नावच बंदरकूदनी. यावर तो पोट धरून हसला. आता गंमत पाहा, आयुष्यभरात सांगितलेल्या शेकडो गोष्टींपैकी गावात सारे खरी मानतात अशी ही एकच, आणि नेमकी हीच त्याला पटली नाही.

तिसऱ्या की चौथ्या सकाळी जहाज एका ओहोळाच्या मुखाशी थांबलं आणि मार्टिननं दोन वाटा सांगितल्या. एक काठालगतची, फळ्या टाकलेली, छोटी, उन्हातली. दुसरी चिखलातून, मुळांतून, आत जुन्या अरण्यात जाणारी. सुनंदाच्या चालीकडे एकदा बघून त्यानं तिला छोट्या वाटेच्या मंडळींत घातलं. तिचा चेहरा मी पाहिला. निकाल लागल्यावर नाव न सापडलेली पोरं बोर्डासमोर उभी राहतात ना, तसा तो झाला होता. मग माझ्या जिभेला कोण आवरणार?

"हे पाहा," मी इंग्रजीत मार्टिनला म्हणालो, "या बाईंनी नर्मदेची परिक्रमा केलेली आहे. उगमापासून समुद्रापर्यंत, आणि दुसऱ्या तीरानं परत उगमापर्यंत. नदी सतत उजव्या हाताला ठेवून. तुझी ही वाट म्हणजे त्यांना अंगण."

आम्ही परिक्रमा केली होती हे खरं. बसने केली होती हेही खरं. पण हे दुसरं खरं पहिल्याइतकं सांगण्यासारखं नव्हतं. मार्टिन चकित होऊन तिच्याकडे पाहू लागला.

सुनंदा माझ्याकडे वळली. "तुम्ही काय सांगून राहिले त्याला?"

"काही नाही. परिक्रमेचं."

"पायी म्हणाले?"

"पायी नाही म्हणालो. बस म्हणायचं राहून गेलं."

"काहून राहिलं?" ती म्हणाली आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता मार्टिनसमोर जाऊन उभी राहिली. शाळेतल्या स्वच्छ, सावकाश इंग्रजीत तिनं सांगितलं, की परिक्रमा बसने केली, गुडघे दोन्ही नवे आहेत, जमिनीवर टेकता येत नाही. आणि मग म्हणाली, की या अरण्याच्या आत प्रकाश पोहोचत नाही असं मी आयुष्यभर मुलांना शिकवलं. मला ते एकदा पाहायचं आहे. फळ्यांच्या वाटेवर ऊन आहे. तिथे मला काही बघायचं नाही.

मार्टिनचे डोळे या वेळी नाहीसे झाले नाहीत. तो म्हणाला, "मी जिथे परत फिरा म्हणेन, तिथे फिरावं लागेल. वाद नाही."

"वाद नाही," सुनंदा म्हणाली. मला सत्यवादी माणसांचं नेहमी आश्चर्य वाटत आलं आहे. मी केवढा डोंगर रचला, तो तिनं एका फुंकरीत पाडला, आणि त्या ढिगाऱ्यावरून चालत ती मला हवं होतं तिथेच पोहोचली.

आम्ही चढवले गुडघ्यापर्यंतचे कापडी मोजे, जळवा आत शिरू नयेत म्हणून. जळवा कशा, विचारू नका. पानाच्या टोकावर उभ्या राहून माना लांबवून त्या अशा पाहत होत्या, जणू लग्नाच्या पंगतीत पहिल्या वाढीची वाट बघत आहेत. चिखल बुटांना सोडायला तयार नव्हता. सुनंदा दोन्ही हातांत काठ्या घेऊन एकेक मूळ पारखून पाय ठेवी. तिचा श्वास मला ऐकू येई, आणि माझा बहुधा जहाजापर्यंत. ही काठाकडची झाडी तरुण होती. उंच होती, हिरवी होती, पण पानांमधून ऊन चांगलं उतरत होतं. सुनंदा मधूनच वर पाहायची, मान हलवायची आणि पुढे चालायची. तपासणीसाला हिशेब पटत नाही तेव्हा तो जशी मान हलवतो, अगदी तशी.

आणि मग वाट संपली. म्हणजे वाट होती, पण तिच्यावर आदल्या रात्रीच्या वादळात एक झाड आडवं पडलं होतं. एका बाजूला त्याची उखडलेली मुळं, दुसऱ्या बाजूला वेलींचं आणि काट्यांचं रान. बाकीची मंडळी खोडाखालच्या फटीतून गुडघे टेकून, रांगत पलीकडे गेली. पलीकडून त्यांचे आवाज आले, आणि एकदम हळू झाले. देवळात शिरल्यावर होतात तसे.

सुनंदा रांगू शकत नव्हती.

मार्टिननं खोडाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. अत्यंत मऊ आवाजात तो म्हणाला, "मॅडम, इथून परत फिरूया. इथवर आलात, हेच खूप आहे."

हेच खूप आहे. आजाऱ्यांना, म्हाताऱ्यांना, हरलेल्यांना आपण किती प्रेमानं हे वाक्य देतो. त्यात दया असते, माया असते, आणि त्या मायेखाली एक दार हळूच लोटून घेतलेलं असतं. सुनंदानं शब्द दिला होता. ती म्हणाली, "फिरते. तुमचा शब्द शेवटचा. पण आधी मला एक करून दाखवू द्या. ते पाहून नाही म्हणालात, तर मी एक अक्षर बोलणार नाही." मग माझ्याकडे वळून मराठीत, "अहो, पायरी पाहिजे."

तिथे घाट कुठला? मी घाट झालो. चिखलात हात टेकून, पाठ सपाट करून ओणवा राहिलो. खोटं नाही सांगत, ज्या जळवा पंगतीची वाट पाहत होत्या त्यांना त्या दिवशी पक्वान्न मिळालं. सुनंदानं खोडाकडे पाठ केली. मार्टिनचा हात धरून एक पाय मागे माझ्या पाठीवर ठेवला, वजन टाकलं; तिचं वजन किती हे मी कधीच सांगणार नाही, त्या बाबतीत मीही मौन पाळतो. "पहले बैठो," मी खालून पुटपुटलो. ती बसली. खोडावर, पाठमोरी, सरळ कण्यानं, जशी भेडाघाटच्या होडीच्या काठावर बसते तशी. मग दोन्ही पाय एकत्र उचलले, वळली, आणि पलीकडे सोडले.

मार्टिननं मान डोलावली. खालच्या फटीतून तो झपकन पलीकडे गेला आणि तिला उतरवून घ्यायला त्यानं दोन्ही हात वर केले.

पलीकडे जुनं अरण्य होतं. मी रांगत तिथे पोहोचलो आणि क्षणभर मला वाटलं, डोळ्यांत चिखल गेला आहे. तो अंधार रात्रीचा नव्हता. गाभाऱ्यातला असतो तसा हिरवट, थंड, प्राचीन अंधार. पाण्याखाली उभं राहून वर पाहावं तसं छत कुठेतरी दूर, फार दूर उजळलेलं, आणि त्याखाली भिंतींसारखी मुळं पसरून उभे असलेले ते महावृक्ष. सुनंदानं एका बुंध्यावर हात ठेवला. "सरई," ती म्हणाली. आमच्याकडे मंडला-अमरकंटकच्या वाटेवर जे सालवृक्ष उभे आहेत, त्यांना तिकडे सरई म्हणतात. हे त्यांचेच सख्खे चुलते. मार्टिननं आपल्या भाषेतलं नाव सांगितलं. दोघांनी एकमेकांची नावं म्हणून पाहिली. दोन घरांची सोयरीक आहे हे अचानक कळावं, तसे दोघं हसले.

मग तिनं काठ्या मला दिल्या आणि उजवा तळवा पुढे पसरला. ऊन शोधत ती तळवा इकडे नेई, तिकडे नेई. कुठेच काही पडेना. बराच वेळ गेला. वरती कुठे वारा हलला असेल. खिरणीच्या बीएवढा उजेडाचा एक ठिपका आला, तिच्या मनगटावरून सरकत तळव्यात उतरला, थरथरला आणि गेला.

"पोहोचतो," ती म्हणाली. "थोडा पोहोचतो. पुस्तकात 'थोडा' राहून गेलं."

तिचे डोळे भरले होते, आणि आवाज वर्गातला होता. मी तिच्या काठ्या पुढे केल्या. परतताना तेच झाड पुन्हा ओलांडलं. माझ्या पाठीला ते अजून आठवतं.

जबलपूरला आल्यावर पहिल्याच रविवारी शेजारपाजारची मराठी घरं आमच्याकडे पोह्यांना जमली. त्यांत रेल्वेतून निवृत्त झालेले बंडूभाऊ. माझी कुठलीही गोष्ट ते मनातल्या मनात निम्मी करून ऐकतात आणि तसं मला तोंडावर सांगतात. मगर, धनेश, डास, सगळं मी यथास्थित वाढवून वाढलं, आणि त्यांनी यथास्थित निम्मं केलं. झाडाजवळ आलो तेव्हा मात्र थांबलो. या एका गोष्टीला आपण हात लावायचा नाही, असं मी विमानातच ठरवलं होतं. काही गोष्टींची उंची अशी असते, की तीत आपलं काही मिसळायचं नसतं. मी उठून उभा राहिलो आणि हात बरोबर कमरेशी आडवा धरला. तेवढंच होतं ते खोड.

"एवढं होतं," मी म्हणालो.

बंडूभाऊंनी चहाचा घोट घेतला. "अच्छा. म्हणजे गुडघ्याइतकं. मग वहिनी, त्यात काय एवढं? आमची नात उडी मारून जाईल."

सगळे हसले. मी खरं बोललो होतो आणि पहिल्यांदाच मला स्वतःचा राग आला. ज्या खोडावर बसायला तिनं वर्षभर जिने झिजवले, ते माझ्या वाढवून सांगण्याच्या ख्यातीपायी भर बैठकीत गुडघ्याएवढं झालं होतं. आता खरं परत वर कसं चढवायचं? माझ्याजवळ सगळ्या युक्त्या होत्या, त्यांत ही नव्हती.

सुनंदा स्वयंपाकघरातून पोह्यांची दुसरी थाळी घेऊन येत होती. तिनं ती मेजावर ठेवली, हात पदराला पुसले, माझ्याजवळ आली आणि माझं मनगट धरून हात वर उचलला. कमरेवरून छातीशी, छातीवरून खांद्याशी, आणि डोक्याच्याही वर वीतभर नेऊन सोडला.

"इतकं होतं, बंडूभाऊ," ती म्हणाली.

बंडूभाऊंनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि कप खाली ठेवून म्हणाले, "बापरे." ते सुनंदानं सांगितलेलं होतं, म्हणून कुणी त्यातून काही वजा केलं नाही.

ती पुन्हा आत गेली. मी हात तसाच वर धरून उभा राहिलो.